बारा पाती

प्रिय धाकटे,

बोटीचं नाव माझ्या कानावर घालू नका, असं तू वहिनीला फोनवर बजावलंस. तो निरोप मला मिळाला. वहिनी तो सांगत होती तेव्हा भांडी घासत होती आणि प्रत्येक शब्दाला एक पातेलं आपटत होती, त्यामुळे शेजारच्यांनाही मिळाला असणार. तरीही हे पत्र बोटीबद्दलच आहे. फाडायचं तर खुशाल फाड. पण तू फाडणार नाहीस. इंजिनाची हकिगत अर्ध्यावर सोडणं तुला या जन्मात जमायचं नाही. फोनवरही सांगता आलं असतं. परवा दोनदा केलाही. तू उचललास, मी थंडी कशी आहे विचारलं, जेवलीस का विचारलं, आणि ठेवून दिला. एवढ्यासाठी दादा दोनदा फोन करत नाही हे तुलाही कळलं असेल. आज मंगळवार. पत्र शुक्रवारपर्यंत पोचतं. सोमवारी दहा वाजता कचेरीत तुझी सुनावणी आहे, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

आधी बातमी. नवी बोट बरी झाली. गेले तीन दिवस मी तिला रोज रिकामी पलीकडे नेतो आणि परत आणतो. उतारू घ्यायला अजून बंदी आहे, रिकामी चालवायला नाही. काल प्रवाहाच्या उलट, पूर्ण वेगात, पार पुलाच्या पुढपर्यंत नेली. तापमानाचा काटा ब्याऐंशीवर गेला आणि तिथेच बसून राहिला. मी समोर कमी आणि काट्याकडे जास्त बघत होतो, म्हणून धक्क्याला लागताना थोडी घासलीसुद्धा. बाबा वर बाकावर बसले होते. त्यांनी फक्त मान हलवली. ती काट्यासाठी होती की घासण्यासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नवी कशी बरी झाली तेही सांगतो, पण क्रमाने सांगू दे. मधूनच सुरुवात केली तर मी पळवाट काढीन, आणि माझ्या पळवाटा तुला पाठ आहेत.

बाबांच्या जुन्या बोटीला आपण 'म्हातारी' म्हणायला लागलो तेव्हा ती वयाने तुझ्यापेक्षा लहान होती, आठवतं? एकतीस वर्षं तिने लोकांना या काठावरून त्या काठावर नेलं. आधी बाबा चालवायचे, मग मी. इंजिन मात्र तू चौदा वर्षांची झालीस तेव्हापासून तुझं. मला इंजिनातलं कळत नाही असं नाही, पण मला ते जोर लावल्यावर कळतं आणि तुला नुसतं कान दिल्यावर. तुझं प्रमाणपत्र आलं तेव्हा बाबांनी स्वतः भिंतीत खिळा ठोकला, आणि तो वाकडा गेला. फ्रेम अजून तशीच तिरकी आहे. या धक्क्यावर प्रवासी बोटीच्या इंजिनाला हात लावायची सरकारी परवानगी असलेली पहिली बाई म्हणजे आपली धाकटी, हे बाबा बोट चुकलेल्या माणसाला धरूनही सांगायचे. तेच प्रमाणपत्र कचेरीने गेले दोन महिने रोखून धरलंय. सोमवारी ते परत देतील, नाहीतर कायमचं रद्द करतील. आणि तोवर तू तिथे बर्फाच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या मशिनांचे काटे वाचून वहीत लिहीत बसली आहेस. पाना हातात घ्यायची मुभा नाही. वहिनी म्हणते, हे म्हणजे गवयाला दाराशी बसवून तिकिटं फाडायला लावण्यासारखं आहे.

बाबांची कामाची पद्धत तुला सांगायला नको, पण मला ती पुन्हा एकदा स्वतःसाठी लिहून बघायची आहे. एकाने पाहिलं म्हणजे दोघांनी पाहिलं. एकाने केलेलं काम दुसऱ्याने उघडून बघायचं नाही. बघितलं तर पहिल्याला खोटं ठरवल्यासारखं होतं. दुसऱ्या कुठल्या धक्क्यावर असं चालतं की नाही, मला माहीत नाही. शहाणी माणसं म्हणतील की दोघांनी तपासावं. आपल्याकडे तू 'तेल घातलं' म्हणालीस की मी तेल मोजायची पट्टी न काढता इंजिन चालू करायचो. मी 'दोर सोडला' म्हटलं की तू मागे न बघता गिअर टाकायचीस. पाहुणे आले की बाबा आपल्याला तसं करून दाखवायला लावायचे, आणि आपण दोघंही फुशारकीने करायचो. वीस वर्षांत त्यात एकदाही दगा झाला नाही.

मग नवी आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आपल्याला दहा मिळाले. अकराव्या दिवशी, दुपारी चारच्या फेरीच्या आधी, नुसतं धक्क्यावर उभं असताना इंजिन तापलं आणि भोंगा वाजायला लागला. तू तेव्हा पलीकडे पिठाच्या गिरणीत त्यांच्या इंजिनाचा पट्टा बसवत होतीस. इकडे रांग लागलेली. मी इंजिनावरची फळी उचलली, पंप उघडला, आत बघितलं तर इम्पेलर फाटलेला. तुला हे काय सांगायचं म्हणा, पण कचेरीतल्या साहेबांना मला अगदी पहिलीच्या पोरांसारखं समजवावं लागलं: साहेब, पंपात एक रबराचं चाक असतं, त्याला बारा पाती असतात, ती फिरतात आणि नदीचं पाणी आत ओढून इंजिन थंड करायला पाठवतात; पाती फाटली की पाणी थांबतं. साहेब म्हणाले, म्हणजे पंख्यासारखं. मी म्हटलं, असेल. तर ते चाक मी काढलं, पेटीतलं दुसरं घातलं, झाकण लावलं, आणि वीस मिनिटांत बोट सुटायला तयार झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, आणि मला ते आवडलं. तेवढ्यात तू छोट्या होडीतून आलीस. तू एक प्रश्न विचारलास, मी उत्तर दिलं, तू मान डोलावलीस आणि दोर सोडलास.

पुढचे सहा आठवडे त्या इंजिनाने आपल्या डोक्यावर मिरी वाटली. एक दिवस ठीक, दोन दिवस गरम. संथ पाण्यात शहाणं, प्रवाहात गेलं की चढलं. कधी काटा नव्वदला जायचा आणि आपोआप खाली यायचा, जणू चेष्टाच. तू म्हणालीस थर्मोस्टॅट बघू. कंपनीने पाठवलेला नवाकोरा थर्मोस्टॅट आपण वहिनीच्या पातेल्यात पाणी घालून शेगडीवर ठेवला होता, तू थर्मामीटर धरून आणि मी मोठ्याने आकडे वाचत. अठ्ठ्याहत्तरला उघडायला हवा होता तो एक्क्याण्णवला उघडला, तोही अर्धाच, घुम्या माणसाने दार उघडावं तसा. वहिनी म्हणाली, आता या पातेल्यात मी दूध तापवायचं का? तू हसून हसून ओट्याला टेकलीस. त्या सहा आठवड्यांतलं तेवढंच हसणं मला आठवतं. कंपनीने दुसरा पाठवला, तो पातेल्यात पास झाला. मग टाकीचं झाकण दाब धरत नव्हतं, ते बदललं. मग काटाच चार अंश खोटं दाखवतो हे तू पकडलंस. पाइपांच्या पट्ट्या दोन महिन्यांत गंजल्या. बोट नवी आणि भाग एकापेक्षा एक भंगार. कंपनीचा तो टायवाला यायचा, फळीवर रुमाल पसरून बसायचा आणि दरवेळी म्हणायचा, असं कुठेच झालेलं नाही, तुमच्याकडेच होतंय. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. त्याच्या बुटाला कधी बोटीच्या तळातलं पाणी लागलं नाही.

हे सगळं खरं आहे आणि मी कचेरीत रंगवून सांगितलं. झाकण खरंच वाईट होतं, थर्मोस्टॅट खरंच वाईट होता. म्हणूनच तर इतके दिवस सगळ्यांचं फावलं. प्रत्येक वेळी काहीतरी नवं वाईट सापडायचं आणि वाटायचं, हाच तो चोर. चोर पकडला की दोन दिवस इंजिन बरं चालायचं आणि तिसऱ्या दिवशी भोंगा. तू शेवटी कागदावर चित्र काढलंस, पाणी कुठून येतं, कुठे जातं, आणि एकेका जागेवर काट मारत गेलीस. दोनच जागा उरल्या. एक म्हणजे तू स्वतः बसवलेला बाक, तो वाकडा पाइप. कंपनीचा सरळ पाइप बोटीच्या फासळीला घासत होता, म्हणून तू तो काढून आखूड बाक बसवला होतास. दुसरी म्हणजे पंपातून काही पुढे गेलंय का, ते बघणं. त्यासाठी डायनॅमो उतरवून, इंजिन एका बाजूने उचलून, तोच बाक बाहेर काढायचा, म्हणजे दोन दिवस फेऱ्या बंद. तू पाना हातात घेऊन उकिडवी बसली होतीस. वर न बघता म्हणालीस, "पंपाचं नक्की ना, दादा?" मी म्हटलं नक्की. तू पाना पेटीत ठेवलास. आपल्यात ती एवढीच बोलणी झाली.

त्यानंतर आठवा दिवस. बावीस उतारू होते, मी वही न बघता सांगतो, कारण साहेबांनी मला तो आकडा इतक्यांदा लिहायला लावला. ऐन मधोमध, प्रवाह सगळ्यात जोरात असतो तिथे, भोंगा वाजला आणि काटा लाल पट्टीत गेला. मी वेग कमी केला, तर प्रवाहाने बोट आडवी केली. वाढवला, तर इंजिनाने मान टाकली. नांगर टाकला. तो धरेपर्यंत आपण वाहत जाऊन खुणेच्या खांबावर आदळलो. मोठं काही झालं नाही असं सगळे म्हणतात. एक म्हातारी बाई घाबरून रडली, दोन सायकली पाण्यात गेल्या. आणि बाजारातला शिंपी, जो दर बुधवारी शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन पलीकडे जातो, तो उभा होता तो पडला आणि उजवं मनगट मोडून बसला. शिंप्याचं उजवं मनगट. गाठोडं त्याने डाव्या हाताने छातीशी धरून ठेवलं होतं. तू त्याचा हात रूळ आणि दुपट्ट्याने बांधलास, इंजिन गार होईपर्यंत खाली बसून राहिलीस, आणि आपण रांगत रांगत धक्क्याला लागलो.

धक्क्यावर मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं. तुलाही आठवत असणार, म्हणून लिहीत नाही. एवढंच कबूल करतो की लोक माझ्या अंगावर आले होते, आणि त्यांची तोंडं तुझ्याकडे वळावीत म्हणून मी ते बोललो. तो पाइप कुणी बसवला ते विचारा तिला, हे वाक्य तोंडातून गेलं आणि ती तोंडं वळलीसुद्धा. तू हात पुसत उभी राहिलीस. मग कचेरीत मी लेखी दिलं की इंजिनाची संपूर्ण जबाबदारी बहिणीची आहे. कंपनीने लिहून दिलं की आमचे सगळे भाग बदलून दिलेले आहेत, तेव्हा दोष जोडणीत असावा. टायवाला आणि मी, आयुष्यात एकदाच, एका मताचे झालो. दोन्हीकडून खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. पंधरा दिवसांनी तू पिशवी भरलीस. वहिनी तुला बसपर्यंत सोडायला आली, मी आलो नाही. मला बोट धुवायची होती, असं मी सांगितलं.

मागच्या बुधवारी शिंपी धक्क्यावर आला. प्लास्टर अजून आहे, पण माणसाला दुकानात करमत नाही. माझ्या शेजारी बाकावर बसला. मी त्याची माफी पुन्हा मागितली, त्याने पुन्हा हात हलवून उडवून लावली. मग बोलता बोलता दुकानाचं सांगायला लागला. त्याच्या जागी आता त्याचा मेहुणा मशीन चालवतो, आणि मेहुणा कसा घायकुत्या आहे याच्या तक्रारी. म्हणाला, "परवा त्याची सुई मोडली. पठ्ठ्याने दुसरी लावली आणि शिवायला सुरुवात! मी म्हटलं, अरे, टोक कुठंय? टोक सापडल्याशिवाय मशीन चालवायची नसते. ते कापडात राहतं आणि गिऱ्हाइकाच्या पाठीत निघतं." हे तो हसत सांगत होता. त्याला वाटलं मी मेहुण्यावर हसेन. मी त्याला चहा पाजला, रिक्षात बसवलं, आणि परत येऊन फळी उचलली.

दोन दिवस लागतील असं तू म्हणाली होतीस, मला तीन लागले. डायनॅमो उतरवला. इंजिन उचलायला बाबांनी जॅक लावून दिला; गुडघे वाकत नाहीत तर उताणे झोपून लावला, आणि वहिनी वरून आम्हा दोघांना शिव्या घालत उजेड धरून उभी राहिली, कारण भर दुपारीसुद्धा त्या कोपऱ्यात काही दिसत नाही. शुक्रवारी बाक हातात आला. आत बोट घातलं. रबराचे तीन तुकडे होते. पाती. दोन एकात एक रुतून बसलेली, आणि तिसरं मोकळं, दाराच्या झडपेसारखं. संथ पाण्यात ते आडवं पडायचं आणि पाणी जाऊ द्यायचं. जोर लावला की उभं राहायचं आणि वाट अडवायचं. इंजिनाची सगळी चेष्टा त्या नखाएवढ्या तुकड्याची होती. तुझा बाक नसता तर ते थोडं पुढे जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकले असते, म्हणजे फरक काही पडला नसता. मी बाक धुतला आणि जसा होता तसाच, तोच, परत त्याच जागी बसवला. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. काटा ब्याऐंशीवर त्याच बाकातून आहे, धाकटे. तुझ्या जोडणीत काहीही चूक नव्हती.

बाबांनी माझ्या तळहातावरचे तुकडे बघितले. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला. मला वाटलं आता विचारतील. ते पान्याचं तेल पुसत राहिले, आणि जाताना म्हणाले, "तिला कोण सांगणार आहे?" वहिनी त्यांच्यासारखी नाही. तिने विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढते, पण पाठ करून. मला लाज वाटते. इतकी की नवी बरी झाल्याचा आनंदसुद्धा मला लपवून करावा लागतो. मी स्वतःला समजावून बघितलं. म्हटलं, सुनावणी होऊ दे, कदाचित तुला नुसती समज देऊन सोडतील, मग सावकाश सांगू. म्हटलं, कंपनीचा इम्पेलरच मुळात वाईट होता, अकरा दिवसांत फाटतो म्हणजे काय. तेही खरं आहे. आपलं झाकायला माणसाला खरं पुष्कळ सापडतं. चार दिवस मी तसाच काढला.

काल कचेरीतल्या कारकुनाने साक्षीदाराची सही करायला मला बोलावलं आणि तुझा जबाब पुढे ठेवला. दीड पान, तुझ्या त्या ताठ अक्षरात. बाकाची रुंदी, पाण्याचा वेग, सगळे आकडे तू मांडले आहेस, आणि त्या आकड्यांवरून कुणालाही दिसतं की बाक पुरेसा होता. तुलाही दिसलंच असणार. तरी खाली लिहिलं आहेस: 'पंपाची सर्व पाती माझ्या भावाने मोजून घेतली होती, त्यामुळे पंपातून काही पुढे गेलेलं असणं शक्य नाही. दोष माझ्या जोडणीतच असला पाहिजे, आणि तो मला मान्य आहे.' एका बाजूला तुझे आकडे होते, दुसऱ्या बाजूला माझा शब्द, आणि तू माझा शब्द धरलास. धक्क्यावर मी जे बोललो त्यानंतरसुद्धा. मी सही न करता बाहेर आलो. सोमवारी तुझं नाव पुकारायच्या आधी मी साहेबांसमोर उभा राहणार आहे, तिन्ही तुकडे घेऊन. माझा बोट चालवायचा परवाना त्यांनी काढून घेतला तर घेऊ देत, आणि तू मधे पडून मला वाचवायला जाऊ नकोस. पण ही गोष्ट तुला तिथे, परक्या माणसांत, त्यांच्याबरोबर पहिल्यांदा ऐकावी लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र. मी पाती मोजली नव्हती. फाटलेलं चाक मी पंपातून ओढलं आणि रागाने, न बघता, नदीत भिरकावलं. मग तू आलीस आणि विचारलंस, "पाती मोजलीस का?" रांगेतले सगळे ऐकत होते, नुकत्याच टाळ्या वाजल्या होत्या, आणि मी म्हटलं, "मोजली. बारा." त्या दिवशी लोक होते, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. पण तू पाना हातात घेऊन दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा बोटीवर कुणीच नव्हतं. आपण दोघंच होतो, आणि तेव्हाही मी नक्की म्हटलं.

रागावलीस तरी तुझाच,
दादा